आमची दहावी

2018 साली दहावीची पुस्तकं बदलली आणि डोंबिवलीतल्या आमच्या घरातलं सगळं भांडवल एका रात्रीत बुडालं. वरच्या मजल्यावरच्या हुशार मुलानं जपलेल्या वह्या, मामेबहिणीची कोपरे दुमडलेली गाईडं, मागच्या वर्षांचे सोडवलेले पेपर, असा सगळा ऐवज आम्ही कन्येसाठी आधीपासून माळ्यावर जमवून ठेवला होता. तो रद्दीच्या भावानं गेला. रद्दीवाल्यानं काटा धरताना "नवीन अभ्यासक्रम का?" असं हळहळून विचारलं, पण भाव वाढवला नाही.

मार्च 2019 ची परीक्षा ही नव्या पुस्तकांवरची पहिलीच. त्यामुळे कुठला प्रश्न 'येतोच' आणि कुठला धडा 'ऑप्शनला टाकता येतो' हे छातीठोकपणे सांगणारा एकही माणूस उरला नव्हता. भाषांच्या तोंडी परीक्षेचे हमखास पदरात पडणारे गुणही त्या वर्षी काढून टाकलेले. क्लासवाले सरसुद्धा "बघू या, पॅटर्न कळू दे" असं म्हणायला लागले होते. जाणकार गप्प बसले की माझ्यासारख्यांना बोलायला जागा होते.

एक अडचण होती. मला दहावीला किती टक्के होते, या प्रश्नाचं उत्तर काळानुसार बदलत आलं आहे. लग्न ठरताना ते 68 होते, कन्या पाचवीत गेली तेव्हा 72 झाले आणि ती आठवीत असताना एका मुंजीच्या पंगतीत मी 75 वर पोचलो. माळा आवरताना आईनं मूळ गुणपत्रिका काढून सगळ्यांसमोर ठेवली नसती, तर कन्येच्या दहावीपर्यंत मी बोर्डात आलो असतो. त्या कागदावरचा आकडा इथे देण्याचं कारण नाही. 'उत्तीर्ण' हा शब्द मात्र त्यावर अगदी स्पष्ट छापलेला आहे.

तेव्हा "आमच्या वेळी आम्ही" या शब्दांनी सुरू होणारा सल्ला देण्याचा माझा अधिकार संपला. उरला शास्त्राचा आधार. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी अभ्यास कसा करावा याचा अभ्यास सुरू केला. ही सुट्टी पुढे चार वाजेपर्यंत लांबू लागली.

त्यात मला हर्मान एबिंगहाउस भेटला. या जर्मन गृहस्थानं निरर्थक अक्षरांच्या याद्याच्या याद्या पाठ केल्या, त्या आपण किती वेळात किती विसरतो ते चिकाटीनं मोजलं आणि 1885 मध्ये त्यावर पुस्तक काढलं. पाठ केलेलं सुरुवातीला भराभर उडून जातं, मग उडण्याचा वेग मंदावतो, आणि मध्ये अंतर ठेवून उजळणी केली तर पुष्कळ टिकतं, हा त्याचा निष्कर्ष. विशेष म्हणजे हे सगळे प्रयोग त्यानं एकाच माणसावर केले, स्वतःवर. निरर्थक गोष्टी पाठ करण्याचा अनुभव आपल्याकडे घरटी एकाला तरी आहे, पण त्याचा शोधनिबंध होतो हे कुणी आपल्याला सांगितलं नाही.

मग जॉन डनलॉस्की आणि त्याच्या सहकाऱ्यांचा 2013 चा लेख हाती लागला. अभ्यासाच्या दहा पद्धती त्यांनी तपासायला घेतल्या होत्या. सगळ्यात उपयोगी ठरल्या त्या दोन: स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास थोडा थोडा करून दिवसांवर पसरणं. पुन्हा पुन्हा वाचणं आणि ओळी रंगवणं यांची गणना कमी उपयोगाच्या पद्धतींत होती. हायलायटरचा फारसा उपयोग होत नाही, हे वाक्य मला इतकं पटलं की मी ते पिवळ्या हायलायटरनं रंगवून टाकलं.

दुसरा लेख रोडिगर आणि कार्पिक या दोघांचा, 2006 चा. त्यांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे: त्यांना 81 टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना 75. पण आठवड्यानं परीक्षा घेतली तेव्हा पारडं फिरलं. वाचणारे 42 वर आले आणि लिहून काढणारे 56 वर टिकले. हे आकडे मी मोठ्या अक्षरात छापून फ्रिजवर लावले. पुढे ते माझ्याच विरुद्ध पुरावा म्हणून वापरले जाणार आहेत, हे तेव्हा कुठे माहीत होतं?

कन्येला समोर बसवून मी सगळं समजावून सांगितलं.

"म्हणजे वाचायचं नाही?" तिनं विचारलं.

"एकदा नीट वाचायचं. मग पुस्तक मिटायचं आणि आठवायचं."

"आणि आठवलं नाही तर?"

"मग खटपट करायची. ती खटपट म्हणजेच अभ्यास!"

"बाबा, हीच खटपट शाळेत केली की नापास म्हणतात."

तिचा युक्तिवाद वयाच्या मानानं बरा होता, पण मी मनावर घेतला नाही. कारण एव्हाना मी सेबास्टियान लाइटनरच्या खोक्यापर्यंत पोचलो होतो. या माणसानं 1972 च्या आपल्या पुस्तकात एक साधी युक्ती सांगितली आहे. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न लिहायचा, दुसऱ्या बाजूला उत्तर. सगळी कार्डं पहिल्या कप्प्यात. उत्तर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात जातं, चुकलं की परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज उघडायचा, पुढचे क्रमानं लांबलेल्या अंतरानं. जे येत नाही ते सारखं समोर येतं, येतं ते उगाच वेळ खात नाही.

मी वाण्याकडून जाड पुठ्ठा आणला, तो कापून कार्डं केली आणि रात्री जेवणं झाल्यावर लिहायला बसू लागलो. प्रश्न निळ्या शाईत, उत्तर काळ्या, आणि आकृती असेल तर टोक काढलेल्या पेन्सिलीनं. माझं अक्षर शाळेत कधी इतकं चांगलं नव्हतं. गुरुत्वाकर्षण झालं, मूलद्रव्यांचं आवर्ती वर्गीकरण झालं, भिंगं झाली. धातुविज्ञानाच्या रात्री तर कधी दोन वाजले ते कळलं नाही.

"ती झोपली का?" बायकोनं आतून विचारलं.

"केव्हाच. तिला पुरेशी झोप पाहिजे. वाचलेलं झोपेतच पक्कं होतं."

"आणि तुमची झोप?"

"मला कुठे परीक्षा आहे?"

कप्प्यांसाठी मी मिठाईचे रिकामे डबे घेतले आणि त्यांवर एक ते पाच आकडे टाकून ते शोकेसमध्ये मांडले. दिवाळीत आत्या फराळाला आली तेव्हा आईनं मोठ्या प्रेमानं त्यातला तीन नंबरचा डबा तिच्यापुढे उघडून धरला. आत्याला चष्म्याशिवाय जवळचं दिसत नाही. तिनं हात घातला, हाताला आलेलं उचललं, ते काजूकतलीसारखं लागेना म्हणून चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं, "उभयधर्मी ऑक्साइड म्हणजे काय?"

"आम्ल आणि आम्लारी दोघांशीही ज्याची अभिक्रिया होते ते ऑक्साइड. उदाहरणार्थ ॲल्युमिनिअम ऑक्साइड," मी म्हणालो. कन्या चकली खात होती. "बरोबर आहे," तिनं कार्डाची मागची बाजू बघून आत्याला सांगितलं.

इथे मला शंका यायला हवी होती.

त्या सुमारास सरमिसळीचं तत्त्व माझ्या वाचनात आलं. एकाच प्रकारचे प्रश्न सलग सोडवण्याऐवजी वेगवेगळे प्रकार मिसळून सोडवले की शिकलेलं पक्कं होतं, असं ते तत्त्व. म्हणजे कार्डं पिसायला हवीत. घरात पिसायला निवांतपणा नव्हता, म्हणून मी गठ्ठा बॅगेत टाकला आणि सकाळच्या जलद लोकलमध्ये बसल्यावर बाहेर काढला. डोंबिवलीच्या माणसाचा खरा संसार गाडीतल्या ग्रुपशी असतो. आमच्यात एक बँकवाले, एक सरकारी खात्यातले फायलीवाले काका, टाळ वाजवणारे भजनी बुवा आणि खिडकीजवळ झोपण्याचं व्रत घेतलेले एक साहेब होते. हातात गठ्ठा बघून बँकवाल्यांना वाटलं मी पत्ते आणलेत.

"कट करा," ते म्हणाले.

मी कट केला. त्यांनी वरचं पान उचललं. "ब्राझीलची राजधानी कुठली? काय हो मास्तर, हा कुठला डाव?"

"रिओ!" झोपलेले साहेब डोळे न उघडता म्हणाले.

"रिओ 1960 पर्यंत होती. आता ब्राझिलिया," मी म्हणालो.

वाद पेटला. बँकवाल्यांनी वडापाव लावला आणि हरले. त्या दिवसापासून रमी बंद झाली. दहावीच्या नव्या भूगोलात अख्खं पुस्तकभर भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे, हे तोवर आमच्या डब्यात कुणालाही ठाऊक नव्हतं. महिन्याभरात माणसं कोपरच्या अलीकडेच पँटानलच्या दलदलीत शिरू लागली आणि मुंब्र्याच्या आसपास ॲमेझॉनच्या खोऱ्यातून बाहेर पडू लागली.

तेव्हा जलद गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. बोगद्यातल्या खडखडाटात एरवी कुणाला कुणाचं ऐकू येत नसे. आम्ही त्याचा शास्त्रीय उपयोग केला. बोगद्यात शिरता शिरता प्रश्न विचारायचा आणि पलीकडे उजेड दिसला की उत्तर द्यायचं. मधल्या वेळात कुणी बोलायचं नाही, ओठ हलवायचे नाहीत, शेजाऱ्याकडे बघायचं नाही. आठवण्यासाठी इतकी उत्तम सोय कुठल्याही शाळेत नसेल.

बुवांची प्रगती सगळ्यात आश्चर्यकारक होती. मूलद्रव्यं अणुवस्तुमानाच्या चढत्या क्रमानं मांडली तर दर आठव्या मूलद्रव्याचे गुणधर्म पहिल्यासारखे दिसतात, हा न्यूलँड्सचा अष्टकांचा नियम. हे कार्ड निघालं आणि बुवा ताठ बसले. "म्हणजे सप्तक!" ते म्हणाले. लिथियमला सा धरून त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली: बेरिलियम रे, बोरॉन ग, कार्बन म, नायट्रोजन प, ऑक्सिजन ध, फ्लोरिन नी, आणि वरचा सा म्हणजे सोडियम. लिथियम आणि सोडियम खरंच एका घराण्यातले आहेत, हे कळल्यावर त्यांनी टाळ काढले. ठाणे येईपर्यंत आख्ख्या डब्यानं आरोह म्हटला. पुढे जड मूलद्रव्यांपाशी हा नियम मोडतो, हे मी सांगितलं तेव्हा बुवा म्हणाले, "तिथे राग बदलतो."

इतिहासाच्या नव्या पुस्तकाचा तर पहिलाच धडा इतिहासलेखनावर होता. त्यात व्हॉल्तेअर, हेगेल, रांके आणि मार्क्स होते, आणि शेवटी मायकेल फुको. या फ्रेंच विचारवंतानं आपल्या पद्धतीला 'ज्ञानाचे पुरातत्त्व' असं नाव दिलं आणि इतिहासाची कालक्रमानुसार अखंड मांडणी नाकारली. हे कार्ड फायलीवाल्या काकांनी वाचलं, पुन्हा वाचलं आणि शांतपणे म्हणाले, "आमच्याकडे आवक-जावक बघणारा एक जण होता, तोही कालक्रम मानत नसे. आम्ही त्याला मेमो दिला."

थोडक्यात, डिसेंबर संपेपर्यंत दहावीच्या नव्या अभ्यासक्रमाची उत्तम तयारी झाली होती. बँकवाल्यांची, बुवांची, फायलीवाल्या काकांची आणि माझी. झोपलेले साहेबही झोपेत तरतूद करून ठेवत असावेत, कारण मुक्तिवेगाचं सूत्र त्यांनी एकदा घोरता घोरता सांगितलं.

घरी मी संध्याकाळी कन्येची चाचणी घेत असे. पद्धत अशी: मी कार्ड उचलायचो, प्रश्न वाचायचो आणि ती विचार करू लागायची. हा विचार करण्याचा काळ मला सोसत नसे. ती "मेंडेलीव्हनं..." एवढं म्हणून थांबली की माझ्या घशात 1869 येऊन उभं राहायचं. मी आधी भुवयांनी सुचवायचो, मग पहिलं अक्षर सांगायचो, मग सगळं उत्तर, आणि शेवटी पुस्तकात नसलेला तपशीलही. ती मान डोलवायची. मान डोलवली की मी कार्ड पुढच्या डब्यात टाकायचो. बघता बघता जवळजवळ सगळी कार्डं पाच नंबरच्या डब्यात गेली आणि मी बायकोला सांगितलं की विज्ञान भाग 1 संपला.

जानेवारीत शाळेची पूर्वपरीक्षा झाली. विज्ञान भाग 1 मध्ये कन्येला 40 पैकी 24 मिळाले.

मी पेपर बघितला आणि माझा विश्वास बसेना. एकही प्रश्न असा नव्हता ज्याचं कार्ड आमच्याकडे नव्हतं. "हा पेपर तर झोपेतही..." मी म्हणालो.

"मग सोडव," कन्या म्हणाली.

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर माझं केंद्र पडलं. दोन तास. मोबाईल बाहेर, चष्मा आत. पर्यवेक्षक म्हणून आई बसली. तिनं पहिल्या अर्ध्या तासात मला दोनदा लाडू देऊ केला आणि मग ती जपमाळ हातात घेऊन डुलकी काढू लागली. मी लिहीत गेलो. लिहिता लिहिता हात दुखला, घाम आला, घड्याळ माझ्याशी वैर असल्यासारखं धावलं, पण उत्तरं कुठूनशी येत गेली. एकेक उत्तर ज्या स्टेशनवर पाठ झालं होतं ते स्टेशनही आठवत होतं.

पेपर कन्येनं तपासला, बोर्डाच्या तपासनिसालाही लाजवेल अशा कोरडेपणानं. किरणाकृतीत बाण दाखवले नाहीत म्हणून एक गुण गेला. एकक लिहिलं नाही म्हणून अर्धा गेला. भिंगाच्या उदाहरणात चिन्ह संकेत चुकल्यामुळे माझी प्रतिमा भिंगाच्या नको त्या बाजूला मिळाली, तिथे दोन गेले. "अक्षर वाचता येत नाही" असा शेरा लाल शाईत पडला, त्याचे गुण मात्र तिनं मोठ्या मनानं कापले नाहीत. एकूण 33.

"अभिनंदन," बायको म्हणाली. "आता अकरावीला सायन्स घेणार का कॉमर्स?"

"बाहेरून परीक्षा द्यायला 17 नंबरचा फॉर्म भरावा लागतो," आई डोळे उघडून म्हणाली. "शेजारच्या वहिनींनी भरला होता. याची मुदत गेली का बघा."

मला हसू येत नव्हतं, कारण मनातून मला 33 चा आनंद झाला होता. मूळ गुणपत्रिकेवर विज्ञानात तेवढ्या प्रमाणात कधीच पडले नव्हते. कन्येनं ते ओळखलं असावं. तिनं फ्रिजवरचा कागद काढून टेबलावर ठेवला.

"बाबा, यात कुणाला 56 टक्के आठवलं?"

"ज्यांनी पुस्तक मिटून स्वतः आठवलं त्यांना."

"आणि ज्यांच्या बाबांनी आठवलं, त्यांना किती? तो आकडा यात दिलेला नाही."

मग तिनं हिशोब मांडला. धडा वाचून त्यातलं महत्त्वाचं काय ते मी ठरवलं. प्रश्न मी तयार केले. उत्तर स्वतःच्या शब्दांत मी लिहिलं. रोज गाडीत विसरलो मी आणि आठवलंही मीच. अंतर ठेवून उजळणी माझी झाली, सरमिसळ माझी झाली, बोगदा माझा होता. अभ्यासातला जेवढा भाग त्रासाचा, म्हणजे फ्रिजवरच्या कागदाप्रमाणे जेवढा भाग उपयोगाचा, तेवढा सगळा मी उचलला होता. तिच्या वाट्याला माझी उत्तरं ऐकणं आणि मान डोलवणं आलं होतं, आणि मान डोलवण्याला बोर्डात गुण नाहीत. एबिंगहाउसप्रमाणे माझाही प्रयोग एकाच माणसावर झाला होता आणि तो पूर्ण यशस्वी होता.

त्या दिवशी सत्तांतर झालं. पाचही डबे तिनं ताब्यात घेतले आणि माझी सुबक कार्डं परत केली. "ही तुझ्या ग्रुपला दे. माझी मी करते."

तिची कार्डं बघवत नसत. अक्षर तिरकं, कडा फाटलेल्या, बऱ्याच कार्डांवर पुरता प्रश्नसुद्धा नाही, नुसतंच "बाण!!" किंवा "इथे नेहमी चुकते". पण जे येत होतं त्याचं कार्ड तिनं केलंच नाही, चुकायचं त्याचंच केलं. त्यामुळे तिचा सगळा अभ्यासक्रम दोन डब्यांत मावला आणि उरलेल्या तीन डब्यांत आईनं शेव भरली. मी ऑफिसातून आणलेल्या पाठकोऱ्या कागदांवर ती धड्याचं नाव लिहायची, पुस्तक मिटायची आणि आठवेल ते लिहून काढायची. लिहून झालं की पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनानं भरायचं. पहिल्या वेळी कागद जवळजवळ लालच दिसे. चार दिवसांनी तोच धडा पुन्हा कोऱ्या कागदावर, मग आठवड्यानं पुन्हा. गणितात एका सरावसंचातली उदाहरणं ओळीनं सोडवणं तिनं बंद केलं. "वर शीर्षकातच पद्धत लिहिलेली असते, मग डोकं कशाला चालेल? पेपरात शीर्षक नसतं," असं तिचं म्हणणं. वेगवेगळ्या प्रकरणांतली उदाहरणं चिठ्ठ्यांवर लिहून ती एका वाटीत टाकायची आणि हाताला येईल ते सोडवायची. सरमिसळीचं तत्त्व मी तिला दोनदा ऐकवलं होतं. तेव्हा तिचं लक्ष नव्हतं. तिचं तिला सुचलं तेव्हा मात्र ते कामाला आलं.

माझं काम एकच उरलं: गप्प बसणं. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्यॉर्क यांनी अशा प्रकाराला 'इष्ट अडचणी' म्हटलं आहे. आठवताना जो अडथळा येतो, जी चाचपड होते, तिच्यामुळेच शिकलेलं टिकतं. विद्यार्थ्याच्या दृष्टीनं ती अडचण इष्ट असेलही, बापाला ती बघवत नाही. कन्या आतल्या खोलीत येरझाऱ्या घालत मोठ्यानं आठवायची. "पृथ्वीवरून सुटून जायला लागणारा मुक्तिवेग... मुक्तिवेग... थांब, येतंय..." आणि बाहेर सोफ्यावर मला ते केव्हाच आलेलं असे. मी उशी तोंडावर धरून बघितली. टीव्ही लावून बघितला, तर बायकोनं तो दहावीच्या नावानं बंद केला. एका संध्याकाळी अगदीच असह्य झालं तेव्हा मी बाल्कनीत धावलो आणि "11.2!" असं ओरडलो.

शेजारचे काका झाडांना पाणी घालत होते. "काय 11.2? डॉलर पडला की काय?"

"किलोमीटर प्रतिसेकंद," मी म्हणालो. मला फार बरं वाटलं. आतून कन्येचा आवाज आला, "बाबा, ऐकू आलं. हे कार्ड परत पहिल्या डब्यात." त्या रात्री मला चहा मिळाला नाही.

मार्चमध्ये केंद्राबाहेर उभं राहिलो तेव्हा कळलं की माझी जात मोठी आहे. फाटकाशी पाण्याच्या बाटल्या धरून बरेच बाप उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते. एक जण दुसऱ्याला सांगत होता, "आमचा बीजगणिताचा पेपर बरा गेला, भूमितीत जरा प्रमेयात अडकलो." त्याचा मुलगा तेव्हा आत होता. विज्ञानाचा पेपर सुटला आणि पहिलीच मुलगी प्रश्नपत्रिका घेऊन बाहेर आली, तशी आम्ही ती तिच्या हातातून जवळजवळ ओढून घेतली. एका स्कूटरच्या सीटवर पसरून आम्ही सोडवायला लागलो. एका उत्तरावरून दोन बापांचं कडाक्याचं भांडण लागलं, तिसऱ्यानं खिशातून पेन काढलं. मी न विसरता बाण दाखवले.

"बाबा," मागून आवाज आला. कन्या रिकामी बाटली हातात घेऊन उभी होती. "मला भूक लागलीये. तुझा पेपर झाला असेल तर निघू या?"

वाटेत मी तिला एकही प्रश्न विचारला नाही. रिक्षाच्या मीटरवरच्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी करत बसलो.

जूनमध्ये निकाल लागला. आदल्या वर्षी राज्याचा निकाल 89.41 टक्के होता, या वर्षी तो 77.10 वर उतरला. सोसायटीत पेढ्यांपेक्षा सुस्कारे जास्त वाटले गेले. आमच्याकडे मात्र पेढे आणावेत असे गुण आले. आकडा सांगत नाही. माझ्याकडे आलेला आकडा वाढत जातो, हे घरात सगळ्यांना माहीत झालं आहे, आणि कन्येनं गुणपत्रिकेच्या प्रती आधीच सगळ्या नातेवाइकांना पाठवून ठेवल्या आहेत.

दुसऱ्या दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन गाडीत चढलो. बँकवाल्यांनी दोन पेढे उचलले, "एक ब्राझीलचा" म्हणून. बुवांनी लिथियमपासून सोडियमपर्यंत आरोह घेतला आणि अवरोहात पेढा खाल्ला. झोपलेल्या साहेबांनी डोळे मिटूनच हात पुढे केला. फायलीवाल्या काकांनी आपला पेढा कागदात गुंडाळून 'आवक' म्हणून डब्यात ठेवला.

ठाण्याला एक अनोळखी गृहस्थ चढले. दांडीला लटकत त्यांनी पुड्याकडे बघितलं. मी पुडा पुढे केला.

"अरे वा! कशाचे?"

"दहावीचे," मी म्हणालो.

"छान, छान. कोण होतं दहावीला?"

मी तोंड उघडण्याआधी सगळ्या ग्रुपनं माझ्याकडे बोट दाखवलं.